जादूची शाळा आणि उसनवारीचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीनें एक दोनशें पानी वही माझ्या हातीं दिली. "मामा, वाच आणि खरं खरं सांग," एवढेंच ती म्हणाली. मुलगी तेव्हां बारा वर्षांची होती, आणि वहींत तिनें स्वतः लिहिलेली कादंबरी होती. समुद्रांतील एका बेटावर जादूची शाळा. तेथें रात्रीच्या लाँचीनें जाणारीं मुलें. शाळेचे चार वाडे आणि त्यांच्यांतील चढाओढ. आईबापांवेगळा एक पोरका मुलगा, आणि त्याच्या कपाळावर नाहीं तरी मनगटावर एक खूण. मीं पहिलीं वीस पानें वाचलीं, पुढचीं चाळलीं, आणि तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासून लागलेल्या सवयीनें तत्काळ निकाल दिला : "अग, हा तर सगळा हॅरी पॉटर आहे!" ती कांहीं बोलली नाहीं. वही उचलून घेऊन गेली.

त्या निकालांत वस्तुस्थितीची चूक नव्हती. उसनवारी उघड होती. आणि तरीहि आपला निकाल चुकला, असें मला पुढें वाटूं लागलें. तें कां वाटलें याचा शोध घेतांना या जातीचीं जीं इंग्रजी पुस्तकें मीं पुन्हां वाचलीं, त्यांच्या आधारें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. हीं पुस्तकें आज आपल्या घरोघरीं मुलांच्या हातीं आहेत. वडील मंडळी तीं क्वचितच वाचतात. त्यांविषयीं मत मात्र बहुधा सर्वांना असतें.

हें मत दोन प्रकारचें आढळतें. कांहींच्या मतें जादूच्या शाळेची कल्पना ही जे. के. रोलिंगबाईंच्या प्रतिभेची निर्मिति असून बाकीचे सारे नकलाकार होत. इतरांच्या मतें रोलिंगबाईंनींच ती दुसऱ्याच्या घरून उचलली. पहिला पक्ष भाविकांचा आणि दुसरा पाखंड्यांचा. परंतु दोघांचाहि मूळ समज एकच आहे. कथेची अपूर्वता तिच्या कल्पनेंत असते, आणि ती कल्पना शेताच्या तुकड्याप्रमाणें कोणाच्या तरी नांवावर चढलेली असते, असें दोघेहि धरून चालतात.

रोलिंगबाईंचें पहिलें पुस्तक १९९७ च्या जून महिन्यांत लंडनला निघालें. पुठ्ठ्याच्या बांधणीच्या प्रती प्रथम अवघ्या ५०० काढल्या होत्या. सातवें व शेवटचें पुस्तक २००७ सालीं आलें; मधल्या दहा वर्षांत या पोरानें जग जिंकलें. मराठींतहि तो आला, आणि पहिल्या भागाच्या नांवांतील त्या किमयेच्या दगडाला आपला जुना "परीस" हा शब्द आयताच मिळाला. या दिव्याचा उजेड इतका प्रखर पडला कीं, आधीचीं पुस्तकेंहि त्याच्याच सावल्या वाटूं लागलीं. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी बेटांच्या कथांचा मीं एकदां वर्गांत उल्लेख केला, तेव्हां एका हुशार विद्यार्थिनीनें त्यांनीं रोलिंगचें बरेंच घेतलें असल्याचें सांगितलें. ज्या पुस्तकाविषयीं ती बोलत होती तें १९६८ सालचें. रोलिंगबाई त्या वेळीं तीन वर्षांच्या होत्या.

कालानुक्रम लावूं लागलें तर तो १९६८ ला देखील थांबत नाहीं. दुसऱ्या शतकांतील लुशियन या ग्रीक लेखकानें मांत्रिकाच्या अर्धवट शिकलेल्या चेल्याची गोष्ट सांगितली आहे. मुसळाला पाणी भरावयास लावण्याचा मंत्र त्या चेल्याला येतो, थांबविण्याचा येत नाहीं. याच गोष्टीवर गटेनें १७९७ सालीं आपली कविता रचली. ट्रान्सिल्व्हेनियाच्या लोककथांत स्कोलोमन्स नांवाची सैतानाची पाठशाळा आहे. तेथें एका वेळीं दहा विद्यार्थी असत, आणि शिक्षण संपल्यावर नऊ जणांना सोडून दहाव्याला फी म्हणून ठेवून घेण्यांत येई. आणि शत्रुपक्षाच्या गुरूकडे राहून संजीवनी विद्या शिकणारा आपला कच तर सर्वांनाच ठाऊक आहे. त्या आश्रमाचा मालकी हक्क सांगायला आजवर कोणी कचेरींत गेल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर इंग्रजी बोर्डिंग शाळेची कथा ही स्वतंत्र परंपरा आहे. टॉमस ह्यूजची टॉम ब्राउनची कादंबरी १८५७ सालची. नवा विद्यार्थी, त्याला छळणारा दांडगा मुलगा, जिवलग मित्र, मैदानावरचा सामना आणि देवासारखा हेडमास्तर, हें सारें सामान तिच्यांत आहे. एनिड ब्लायटनबाईंच्या मॅलरी टॉवर्सच्या सहा पुस्तकांत (१९४६ ते १९५१) मुली आगगाडीनें शाळेला निघतात, आणि शाळेच्या चार मनोऱ्यांत त्यांची वांटणी होते. या सामानाला मुलांसाठीं लिहिणारे पुनःपुन्हां हात कां घालतात, याचें कारण व्यावहारिक आहे. शाळेंत वेळापत्रक असल्यामुळें कथानकाला आपोआप पायऱ्या मिळतात. आईबाप दूर असल्यामुळें साहसाला मोकळीक मिळते. आणि जादूच्या जगाचे कायदेकानू वाचकाला समजावून सांगण्याची लेखकापुढील मोठी अडचण नाहींशी होते; नायक वर्गांत बसून जें शिकतो, तेंच वाचक त्याच्या शेजारीं बसून शिकतो. इतकी सोयीची चौकट कोणाहि एकाची राहणें शक्य नव्हतें.

मग अपूर्वता कोठें शोधावयाची? ती शोधावी लेखकाच्या प्रश्नांत. आपल्या आधीच्या पुस्तकांनीं जें गृहीत धरलें, पण कधीं विचारलें नाहीं, असें कांहीं तो विचारतो कीं नाहीं, हें पाहावें.

ले ग्विनबाईंचें उदाहरण घेऊं. १९६७ च्या सुमारास एका प्रकाशकानें त्यांना थोराड मुलांसाठीं पुस्तक लिहावयास सांगितलें. तेव्हां त्यांच्या मनांत आलेला विचार त्यांनींच पुढें नमूद करून ठेवला आहे. गोष्टींतले मांत्रिक नेहमीं म्हातारे, पांढऱ्या दाढीचे. पण ते जन्मतः म्हातारे असणार नाहींत. ते पोरसवदा असतांना कसे होते, आणि ही धोकादायक विद्या त्यांना कोणीं व कोठें शिकविली? मर्लिन आणि गँडाल्फ वाचलेल्या लक्षावधि वाचकांना हा प्रश्न पडला नव्हता. पडल्यावर मात्र तो इतका साधा वाटतो कीं, आपल्याला कसा सुचला नाहीं याचेंच नवल वाटावें.

आणि उत्तरहि त्यांनीं प्रश्नाला शोभेल असेंच दिलें. गेड हा डोंगरावरच्या खेड्यांतला, शेळ्या राखणारा मुलगा. रोक बेटावरच्या शाळेच्या दारांत तो येतो तेव्हां दार उघडें असूनहि त्याला आंत जातां येत नाहीं; आपलें खरें नांव द्वारपालाला सांगितल्यावरच पाऊल पडतें. या जगांत वस्तूचें खरें नांव जाणणें म्हणजे तिच्यावर सत्ता मिळविणें, आणि आपलें खरें नांव दुसऱ्याला सांगणें म्हणजे आपला जीव त्याच्या हातीं देणें. विद्यार्थी महिनेच्या महिने एका एकांतांतल्या बुरुजांत बसून नांवांच्या याद्या पाठ करतात. आपल्याकडील पाठशाळेंत ज्यानें अमरकोश घोकला असेल त्याला हें प्रकरण वाचतांना घरीं आल्यासारखें वाटेल. एक गुरु गेडला खड्याचा हिरा झाल्याचा भास दाखवितो. मात्र तो खडा खरोखरच बदलावयाचा तर जग बदलावें लागेल, आणि त्याचा परिणाम काय होईल हें कळेपर्यंत एक खडा, वाळूचा एक कण देखील बदलूं नये, असें तो बजावतो. म्हणजे जादू शिकण्याच्या शाळेंत मुख्य विषय कोणता, तर जादू न करणें! गेड तो विषय नापास होतो. एका श्रीमंत सोबत्याच्या टोमण्यानें चिडून तो मृत स्त्रीच्या आत्म्याला बोलावतो, त्या फटींतून एक काळी छाया जगांत येते, आणि ती फट बुजवितांना वृद्ध महागुरु आपले प्राण वेंचतो. पुढचें पुस्तक त्या छायेच्या पाठलागाचें आहे. शाळा सोडतांना शेवटची परीक्षा असते ती त्या द्वारपालाचें नांव शोधून काढण्याची. गेड पुष्कळ डोकें खाजवितो आणि अखेर सरळ त्यालाच विचारतो. उत्तर मिळतें. परीक्षा पद्धतीवर याहून मार्मिक टीका मीं वाचलेली नाहीं; आणि ती वाचून माझ्या स्वतःच्या प्रश्नपत्रिका सुधारल्या, असेंहि म्हणवत नाहीं.

जिल मर्फीबाईंचें "द वर्स्ट विच" (१९७४) याच्या अगदीं उलट प्रकृतीचें. तें लिहावयास त्यांनीं आरंभ केला तेव्हां त्या स्वतःच शाळकरी होत्या, आणि त्यांतील चेटकिणींची शाळा ही त्यांच्या कॉन्व्हेंटलाच काळी टोपी घातलेली आहे. जिला झाडूवर बसतां येत नाहीं, जिचें प्रत्येक औषध भलतेंच होतें, सर्व मुलींना काळें मांजर मिळत असतां जिच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचें येतें, त्या "ढ" मुलीला जादूच्या शाळेंत काय भोगावें लागत असेल, एवढाच त्यांचा प्रश्न. पुस्तक लहान आहे. आठ वर्षांच्या मुलाला तें जसें समजतें तसें माझ्यासारख्याला समजणार नाहीं, म्हणून अधिक बोलत नाहीं.

डायाना विन जोन्सबाईंचें "विच वीक" (१९८२) मात्र माझ्या मतें या सबंध परंपरेंतील सर्वांत चतुर पुस्तक आहे, आणि तें आपल्याकडे सर्वांत कमी वाचलें जातें. त्यांनीं शाळेची कल्पनाच उलटी केली. त्यांच्या इंग्लंडांत चेटूक सर्वत्र आहे, पण तें करणाऱ्याला आजहि जाळतात. लारवुड हाउस ही बोर्डिंग शाळा जादू शिकविणारी नव्हे. तेथें ती दडवावयाची आहे. एके दिवशीं भूगोलाच्या वह्या तपासतांना मास्तरांना एक चिठी सांपडते : या वर्गांत कोणीतरी चेटूक करणारें आहे. बस्स, एवढ्यावरून संशय, चहाड्या आणि भीति सुरू होते. ज्याचा मोठा भाऊ जाळला गेला आहे असा निरुपम सिंग नांवाचा एक मुलगाहि त्या वर्गांत आहे. आणि मधूनच एक विलक्षण विनोदी प्रसंग येतो. एका दांडग्या मुलावर असा मंत्र पडतो कीं तो जें जें बोलेल तें खरें व्हावें; मग त्या बिचाऱ्याला तोंड उघडण्याचीहि चोरी होते. बोर्डिंग शाळेंत आधींच जी एक प्रकारची हेरगिरी असते, ती जोन्सबाईंनीं पाहिली आणि जादू फक्त तिच्यावर उजेड पाडण्यासाठीं वापरली. सामान सगळें जुनेंच, परंतु पुस्तक दुसऱ्या कोणाचेंहि होऊं शकलें नसतें.

आतां रोलिंगबाईंकडे वळूं. त्यांच्याविषयीं पाखंडी पक्ष अन्याय करतो, असें मला वाटतें. आगगाडी, चार घरें, गुण मिळविण्याची चढाओढ हें जुनें आहे, हें मान्य. त्यांच्या आधीं सहा वर्षें जेन योलेनबाईंच्या "विझर्ड्स हॉल" (१९९१) मध्यें जादूच्या शाळेंत दाखल होणारा हेन्री नांवाचा मुलगा आहे, हेंहि खरें. (त्या हेन्रीचा गुण मोठा गोड आहे. त्याला स्वतःला जादू येत नाहीं, पण तो जवळ असला कीं इतरांची जादू वाढते. असे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत एक-दोन असतात आणि गुणपत्रिकेंत त्यांचा कोठेंच उल्लेख नसतो.) परंतु रोलिंगबाईंचा प्रश्न वेगळाच होता. शाळेच्या जुन्या कथांत शिक्षक म्हणजे ठरीव मुखवटे : एक प्रेमळ, एक खाष्ट, एक भित्रा. हे मुखवटे खोटे असले तर? मुलाचा मोठ्या माणसांविषयींचा अंदाजच चुकत असला तर? पहिल्या पुस्तकांत खाष्ट स्नेपवर सर्वांचा संशय, आणि गुन्हेगार निघतो तो तोतरा, भेदरट क्विरल. तिसऱ्यांत मित्राच्या खिशांतला उंदीर हाच विश्वासघातकी मनुष्य ठरतो. गुप्तपोलिसी कथेची विणकर त्यांनीं शाळेच्या वर्षाला बेमालूम जोडली, आणि नायकाला प्रत्येक पुस्तकांत एक वर्षानें मोठा केला. वाचकहि त्याबरोबर मोठा झाला. त्यांची भाषा सामान्य आहे, शेवटचीं पुस्तकें फुगलेलीं आहेत, हें मीं नाकारीत नाहीं. पण हें बांधकाम त्यांचें स्वतःचें आहे. ले ग्विनबाईंनीं देखील त्यांच्यावर चोरीचा आरोप केला नाहीं. ही कल्पना जणू जगांत प्रथमच अवतरली असें लिहिणाऱ्या टीकाकारांच्या विस्मरणाचें मात्र त्यांना नवल वाटलें. तें वाटणें रास्तच होतें.

हा वाद कोर्टांतहि गेला आहे. रोलिंगबाईंनीं आपले शब्द चोरले असा दावा एका अमेरिकन लेखिकेनें केला. २००२ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयाला तिचा पुरावा बनावट आढळला आणि तिलाच ५०,००० डॉलर दंड झाला. उलट रशियांत २००२ सालीं तान्या ग्रॉटर नांवाची एक नायिका निघाली. ती पोरकी, नातलगांनीं छळलेली, कपाळावर व्रणाऐवजीं नाकावर तीळ असलेली, आणि झाडूऐवजीं एका मोठ्या तंतुवाद्यावर बसून उडणारी. २००३ सालीं डच न्यायालयानें तिच्या भाषांतराला मनाई केली. कलकत्त्याला २००७ च्या दुर्गापूजेंत एका मंडळानें हॉगवर्ट्सच्या किल्ल्याचा मंडप उभारला, तोहि तंटा दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथें मात्र उत्सव होईपर्यंत मंडप राहूं देण्यांत आला. कायद्याला कल्पना दिसत नाहीं, शब्द आणि आकृति दिसतात. तें त्याचें कामच आहे. वाईट वाटतें तें टीकाकारानेंहि कारकुनासारखा सामानाचा पंचनामा करीत बसावें याचें.

खरा नकलाकार ओळखण्याची खूण जोन्सबाईंनींच एका विनोदी पुस्तकांत देऊन ठेविली आहे. "द टफ गाइड टु फँटसीलँड" (१९९६) हें नकली अद्भुतकथांच्या प्रदेशाचें प्रवासी-मार्गदर्शक. या प्रदेशांत, बाई सांगतात, सर्वत्र खावयास एकच पदार्थ मिळतो, तो म्हणजे मांसाचा रस्सा. मग तो शिजायला कितीहि तास लागोत आणि पाठीवर शत्रु असोत. घोडे कधीं दमत नाहींत. हंसतां हंसतां लक्षांत येतें कीं, या लेखकांनीं दुसऱ्याच्या पुस्तकांतून घोडा घेतला, पण घोडा दमतो का हा प्रश्न विचारला नाहीं. नक्कल ती हीच.

उलटपक्षीं नाओमी नोविकबाईंच्या "अ डेडली एज्युकेशन" (२०२०) मध्यें उसनवारी उघडउघड आहे. शाळेचें नांव देखील स्कोलोमन्स असेंच आहे. परंतु हॅरी पॉटर वाचतांना प्रत्येक आईच्या मनांत येणारा प्रश्न त्यांनीं गंभीरपणें विचारला. जी शाळा मुलांच्या जिवावर उठते, तेथें मुलांना पाठवितात कां? कारण बाहेर मरण अधिक निश्चित आहे. मग आंत कोण वांचतो? ज्यांच्या घराण्याला वशिला आहे, तो. जिचे वडील मुंबईकडील घराण्यांतले होते अशी या कथेची तिखट जिभेची नायिका हें पहिल्या प्रकरणापासून जाणून आहे. प्रवेश-परीक्षांच्या आपल्या देशांत हें पुस्तक थोराड मुलांनीं वाचावें. त्यांना तें कल्पित वाटणार नाहीं.

या साऱ्या वाचनांत मला भाचीची वही आठवत होती. विशेषतः चाळतांना नजरेखालून गेलेलीं दोन-तीन पानें. तिच्या शाळेंत घंटा वाजविणारा एक म्हातारा शिपाई होता आणि सबंध बेटावर जादू न येणारा तो एकटाच. सकाळीं सर्वांचे दिवे चुटकीसरशीं लागत. त्याला मात्र ओल्या काड्यांची पेटी घेऊन बसावें लागे. मुलें जिन्यावरून तरंगत उतरत, आणि तो कठड्याला धरून येई. रोलिंगबाईंच्या शाळेंतहि असा एक मनुष्य आहे. फिल्च त्याचें नांव. मांत्रिकांच्या कुळांत जन्मून जादूवांचून राहिलेला, चोरून टपालानें मंत्र शिकूं पाहणारा. आणि दुसऱ्या पुस्तकांत तें गुपित नायकाला कळतें तें वाचकाला हंसूं यावें एवढ्यासाठीं. सात पुस्तकांत त्या मनुष्याचा दिवस कसा जात असेल, हें बाईंनीं विचारलें नाहीं. माझ्या भाचीनें विचारलें होतें. तीं पानें मीं "अनावश्यक" म्हणून उलटलीं होतीं.

गेल्या दिवाळींत ती घरीं आली तेव्हां मीं वही पुन्हां मागितली, आणि शिपायाचें पुढें काय होतें तेंहि विचारलें. ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "वही सापडत नाही रे मामा," ती म्हणाली, आणि मग, फराळाचें ताट उचलतां उचलतां, "पण तो शेवटी घंटा वाजवतच नाही."